निवांतगडाची पहिली मानकरी

स्वप्नाली मोहितेच्या नाकावर कायम राग असायचा, आणि त्यात तिचा फारसा दोष नव्हता. एका स्कूटर कंपनीच्या तक्रार विभागात ती घरूनच काम करायची. साध्यासुध्या तक्रारी यंत्रच निकालात काढत असे. यंत्राचं बोलणं ऐकून ज्यांचं पित्त आणखी खवळायचं, तेवढे ग्राहक माणसाकडे, म्हणजे स्वप्नालीकडे पाठवले जायचे. सकाळी हेडफोन कानाला लावला की संध्याकाळपर्यंत परक्यांच्या शिव्या खायच्या, आणि वर "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत" असं साखर घोळवून म्हणायचं. घरात बोलायची वेळ येईपर्यंत ती साखर पार संपलेली असायची.

घरात बोलायला होते ते फक्त आण्णा, तिचे वडील. काडीमोड झाल्यावर ती सांगलीला त्यांच्याकडेच येऊन राहिली होती. आण्णा एके काळचे नावाजलेले कबड्डी समालोचक. जिल्ह्यात कुठंही मैदान आखलं की माइकवर आण्णा ठरलेले, आणि एकदा माइक हातात आला की तो काढून घ्यायला पंचांना मध्ये पडावं लागायचं. मग झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. खाटेवर पडल्यापडल्या त्यांना मैदान म्हणून एक घरच उरलं होतं.

"आणि स्वप्नाली मोहिते चढाईला निघालीय मंडळी! मध्यरेषा ओलांडली, सैपाकघरात शिरली, तिकडं दूध वर आलंय, गाठती का न्हाई, गाठती का न्हाई... आणि गेलं! दूध गेलं! गडी बाद!"

सुरुवातीला तिला हसू यायचं. पुढे पुढे ओट्यावर सांडलेलं दूध पुसताना तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. "आण्णा, मी कामावर आहे. जरा गप्प पडाल का?" असं ती दिवसातून कितीदा म्हणायची, याचा तिलाच पत्ता नव्हता.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर नदाफ मॅडम आण्णांना तपासायला यायच्या. आण्णांच्या मनगटावर नाडी मोजणारी एक पट्टी होती आणि पोटावर औषधाची चपटी डबी चिकटवलेली होती. झटक्यानंतर त्यांचं हृदय मधूनच उधळायचं. पट्टीला नाडी उधळलेली दिसली की ती बिनतारी डबीला कळवायची, आणि डबीतून नाडी मंदावणारं, जरा गुंगी आणणारं औषध आपोआप अंगात जायचं. नाडी फार खाली आली तर डबी स्वतःहून बंद व्हायची. सोय चोख होती.

एकदा जाता जाता मॅडमनी स्वप्नालीचाही हात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वडलांच्या आधी तुम्हालाच झटका यायचा. औषधाचं नंतर बघू. आधी ही पट्टी बांधून हा फोनवरचा खेळ खेळून बघा."

निरोगी माणसाचं हृदय काही घड्याळाच्या बरहुकूम ठोके देत नाही. श्वास घेताना ते किंचित घाई करतं, सोडताना किंचित रेंगाळतं. मन स्वस्थ असेल तर हा झोका मोठा असतो. माणूस चिडला, धास्तावला की झोका आखडतो आणि हृदय एका मापात धडधडत राहतं. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक लांबलचक नस हा कारभार पाहते, आणि तिचा अंमल चालू असतानाच शरीर आपली डागडुजी करून घेतं. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं एवढंच झालं होतं की मनगटावरच्या साध्या पट्टीतून हा झोका अचूक मोजता यायला लागला होता. अडचण होती ती माणसांची. नुसतं पडून राहण्यात कुणालाच काही कमावल्यासारखं वाटेना. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून 'निवांतगड' निघाला.

या खेळात खेळणाऱ्याने काहीच करायचं नव्हतं. पाच गडी निवडून गडाच्या पायथ्याशी उभे करायचे आणि फोन बाजूला ठेवून द्यायचा. गडी आपले आपण राक्षसांशी लढायचे, आपले आपण दरवाजे जिंकत वर चढायचे. त्यांच्या अंगात बळ यायचं ते तुमच्या मनगटावरच्या पट्टीतून. तुम्ही जेवढे स्वस्थ, तेवढे ते जोरकस. पुन्हा फोन उघडावा तर विसाव्याची पेटी माणकांनी भरलेली, ती खर्चून गडी आणखी तगडे करायचे.

कॉलनीतले निवृत्त चित्रकला शिक्षक इनामदार सर 'कृष्णाकाठ टोळी'चे प्रमुख होते. त्यांनी स्वप्नालीला उत्साहानं टोळीत घेतलं आणि शाळेतल्यासारखा पाठच दिला.

"हे बघ, पहिल्या दिवशी माणकं उधळायची नाहीत. सगळे उधळतात आणि मग बसतात बोंबलत. पाचही गड्यांना थोडं थोडं भरवू नकोस, एकालाच तगडा कर. पेटी काठोकाठ भरली की लगेच उघड, नाहीतर वरचं वाया जातं. आणि गाडं अडलं की घाबरायचं नाही. नवा जन्म घ्यायचा. गडी पुन्हा पायथ्याशी येतात, पण दुप्पट ताकदीनं."

स्वप्नालीनं तगडी करायला एक तिरंदाज बाई निवडली, तिचं नाव ठेवलं बिजली. पहिले काही दिवस झकास गेले. बिजली एकामागून एक दरवाजे फोडत सुटली. सकाळी उठल्यावर आधी पेटी उघडायची, मग चूल, असा क्रम लागला. आयुष्यात तिचं काहीतरी न भांडता पुढे सरकत होतं, याचंच तिला अप्रूप वाटायचं.

मग भिंत आली. गडाच्या मधल्या दरवाजात एक दगडी पहारेकरी होता, तो काही बिजलीला हटेना. स्वप्नाली डोळे मिटून पडायची, लांब लांब श्वास घ्यायची, आणि एका डोळ्यानं फोनकडे बघायची. बिजली हरताना दिसली की हिचं हृदय धडधडायचं, हृदय धडधडलं की बिजलीचं बळ आणखी घटायचं. विसावा घ्यायच्या नादात तिच्या जिवाला विसावा म्हणून उरला नाही. टोळीच्या यादीत तिच्या मागून आलेले लोक पुढे गेले. इनामदार सर "होईल, होईल" म्हणायचे आणि ते तिला जास्तच झोंबायचं.

एका दुपारी आण्णांचा डोळा लागला होता. तोंड किंचित उघडं, छाती संथ वरखाली होत होती. स्वप्नाली दारात उभी राहून बघत होती, आणि मनात आलं ते तिनं करून टाकलं. स्वतःची पट्टी काढून त्यांच्या मनगटावर बांधली.

एका अंगावर दोन पट्ट्या चालत नसत, दोन्हींचा घोटाळा व्हायचा. आण्णांची पट्टी नुसती काढून ठेवावी तर आरोग्य केंद्रात गजर झाला असता. म्हणून ती तिनं आपल्या हाताला बांधली. पट्टी शहाणी होती, तिला नाडी परकी वाटली. छोट्या पडद्यावर प्रश्न उमटला: 'रुग्ण तोच आहे का?' आजारपणात माणसाची नाडी पालटते, म्हणून विचारून घ्यायची ती रीत होती. खाली 'हो' आणि 'नाही'.

स्वप्नालीनं 'हो' दाबलं. आण्णा उठेपर्यंत दगडी पहारेकरी आडवा झाला होता.

चुकीचं काही तरी आपण केलंय हे तिला कळलं नव्हतं असं नाही. पण दुपारच्या झोपेपुरतंच तर आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. मग झोपेच्या आधीचा थोडा वेळ त्यात आला, नंतरचा आला. मग तिच्या कामाचा सगळा वेळच आला, कारण तेव्हाच तर तिची नाडी सगळ्यात वाईट असायची. ती खुर्चीत बसून लोकांच्या शिव्या खायची, तिचं हृदय उधळायचं, ते आण्णांच्या पट्टीला आण्णांचं वाटायचं, आणि पलीकडच्या खोलीत आण्णांच्या पोटावरची डबी औषध सोडायची. कोल्हापूरच्या कुणा गृहस्थानं ब्रेकवरून तिची आई काढली की गुंगी आण्णांना यायची. हा हिशोब स्वप्नालीच्या डोक्यात शिरला नाही. की तिनं शिरू दिला नाही, हे ती पुढे कधीच छातीठोकपणे सांगू शकली नाही.

आण्णा हळूहळू कमी बोलायला लागले. मैदानातल्या चढाया बंद झाल्या. दूध उतू गेलं तरी गडी बाद होईना. ते जास्त झोपायचे, म्हणून बिजली जास्त चढायची, म्हणून पट्टी जास्त वेळ राहायची, म्हणून औषध जास्त जायचं. शेजारणीनं एकदा विचारलंही, "आण्णांचा आवाज नाही गं हल्ली?"

"वय झालं आता," स्वप्नाली म्हणाली. घर शांत झालं होतं, आणि ते तिला आवडत होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची.

मॅडमचा फोन आला. "आण्णांची नाडी दुपारी फार धावतेय. कसली घालमेल होते का त्यांची?"

तेव्हा सांगता आलं असतं. तिच्या तोंडून निघालं, "होते हो. स्वस्थ नाहीत ते." मॅडमनी डबीतल्या औषधाचं प्रमाण वाढवून दिलं.

कधीमधी पट्टी बदलताना आण्णा अर्धवट डोळे उघडायचे. "चढतंय का गं तुझं माणूस?" ते विचारायचे.

"चढतंय, आण्णा. पडा तुम्ही."

"पडतो, पडतो," म्हणत ते डोळे मिटायचे.

बिजलीनं नवा जन्म घेतला, पुन्हा घेतला, आणि एके दिवशी गडाच्या शेवटच्या दरवाजातून आत गेली. अख्ख्या जिल्ह्यात तिथवर कुणी पोचलं नव्हतं. इनामदार सर पेढे घेऊन धावत आले. कॉलनीत दोन वर्षांत सत्कार करण्याजोगं कुणी काही केलं नव्हतं, आणि शाल-श्रीफळाला माणूस सापडला की आपल्या लोकांना दम निघत नाही. रविवारी सकाळी सभागृह ठरलं, पाहुणे ठरले, फलकावर 'शांतमूर्ती स्वप्नाली मोहिते' असं रंगवून झालं. पाण्याच्या टाकीवरून जिनं निम्म्या कॉलनीशी भांडण केलं होतं, तिचं ते नाव वाचून लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण पडद्यावरच्या आकड्यांपुढे कोण बोलणार?

"आणि एक गंमत करणार आहोत," सर म्हणाले. "कार्यक्रम चालू असताना तुझी नाडी मोठ्या पडद्यावर दाखवायची. स्टेजवर, एवढ्या लोकांपुढं, माणूस किती स्वस्थ राहू शकतो ते पोरांना कळू दे!"

नाही म्हणावं तर सगळं उघडं पडलं असतं. मग तिनं वाट काढली, आणि तिला ती अगदी सोपी वाटली. आण्णांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन जायचं, पहिल्या रांगेत बसवायचं, खेळाची पट्टी त्यांच्या हाताला, त्यांची आपल्या. लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला की कोण बघतंय. लेकीच्या सत्काराला बाप हवाच की!

सभागृह भरलं. आण्णांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता, मान एका बाजूला कललेली होती. स्वप्नाली स्टेजवर बसली. मागच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटली, लाटांसारखी संथ वरखाली होणारी, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आपण पकडले जाऊ या भीतीनं स्वप्नालीच्या छातीत नुसता ढोल वाजत होता. पाहुण्यांनी शाल पांघरली तेव्हा तो आणखी वाढला. सर माइकवर म्हणाले, "पाहा, पाहा! शाल पडली तरी ठोका ढळत नाही!" खरंच, रेघ आणखी संथ झाली होती. तिच्या हातात नारळ आला, रेघ आणखी मंदावली. टाळ्या वाढल्या. दोन लाटांमधलं अंतर लांबत चाललं. लोक आता उभे राहून टाळ्या वाजवत होते, कुणी फोन उंच धरून चित्रण करत होतं.

तिनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. एक लाट आली. मग काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं आणखी एक.

आपली नाडी कानात घणघणतेय आणि तिथे समोर ही अशी, हे तिला एका क्षणात उमगलं. माझी भीती वाढली की त्यांना औषध. डबी आपणहून बंद व्हायला नाडी खाली यायला हवी, पण डबी बघतेय ती माझी नाडी, आणि ती आता खाली येणार नाही. खाली पहिल्या रांगेत आण्णांची हनुवटी छातीला टेकली होती.

तिनं सरांच्या हातून माइक ओढला. "ती नाडी माझी नाही! आण्णांची आहे! सगळं आण्णांचं आहे!"

सभागृहानं आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. सत्काराच्या वेळी सगळेच आईबापांना श्रेय देतात. "वा! याला म्हणतात संस्कार!" सर गहिवरून म्हणाले.

स्वप्नालीनं नारळ टाकला आणि स्टेजवरून उडी मारली. शाल पायात आली, ती पडली, उठली. आण्णांचा सदरा वर करून तिनं डबी खसकन ओढून काढली, तशी कातडीही थोडी सोलवटली. "खोटं आहे सगळं! मी खोटी आहे! गाडी बोलवा कुणीतरी!" ती ओरडत होती, आणि मागच्या पडद्यावर रेघ जवळजवळ सपाट झाली होती. टाळ्या एकेक करून थांबल्या. शेवटी कुणाच्या तरी हातांना कळलं नाही म्हणून ते जरा जास्त वेळ वाजत राहिले.

आण्णा वाचले. इस्पितळात औषधावर उतारा दिला, एक रात्र धास्तीची गेली, मग नाडी वर आली. नदाफ मॅडम दुपारच्या त्या सगळ्या धावत्या नाडीचे आलेख घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या.

"ही धडधड कुणाची?"

"माझी."

"आणि ही?"

"तीपण माझीच."

मॅडमनी आलेखांची घडी घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागाची स्वप्नालीला सवय होती. "मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या मनाला काहीतरी खातंय," त्या म्हणाल्या. "म्हणून मी औषध वाढवलं. हे मला वर कळवावं लागणार. पण आण्णांना कोण सांगणार, मी का तुम्ही?"

"मी सांगते."

सांगायला तिला धीर यायला बरेच दिवस गेले. तोवर ती इस्पितळात यायची, आण्णांना पाणी पाजायची, तोंड पुसायची आणि जायची. कॉलनीत तिला कुणाला तोंड दाखवायची सोय नव्हती. इनामदार सरांनी फलक उतरवून ठेवला होता आणि ती दिसली की ते दुसऱ्या गेटनं जात होते. ते सगळं ती सोसत होती, कारण ते सोपं होतं.

त्या दिवशी ती वॉर्डाच्या दाराशी पोचली आणि तिला आण्णांचा आवाज ऐकू आला. जड होता, मध्ये मध्ये अडखळत होता, पण तोच होता. शेजारच्या खाटेवरच्या जतच्या गृहस्थांना ते कुठल्याशा जुन्या अंतिम सामन्याची हकीकत सांगत होते. "शेवटची चढाई, म्हंजे बघा, एक गुण पायजे, आणि ह्यो गडी गेला की सरळ कोपऱ्यात..." गृहस्थ उशीवरून उठून बसले होते.

स्वप्नाली आत आली. आण्णांनी तिला पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं. शहाण्या मुलासारखे ते उशीवर मागे झाले, डोळे मिटले आणि धड असलेला डावा हात मनगट वर करून तिच्यापुढे धरला.

"मग? कोपऱ्यात गेला, मग काय झालं?" गृहस्थांनी विचारलं.

आण्णांनी मिटल्या डोळ्यांनीच मानेनं 'आता नको' अशी खूण केली.

ती खाटेच्या कडेला बसली. तो हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि एका दमात सगळं सांगितलं. पट्टी, डबी, 'हो'चं बटण, मॅडमना सांगितलेलं खोटं, सगळं. घर शांत झालं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेसुद्धा सांगितलं. लाजेनं तिची मान वर होत नव्हती. जतच्या गृहस्थांनी भिंतीकडे कूस केली.

"औषधाचं मला ठावं नव्हतं," आण्णा म्हणाले. "पण माझ्या झोपंवर तुझं माणूस चढतंय, हे ठावं होतं. गप पडलं की तू हसायचीस. मी जागा असायचो कितीदा. नुसता पडून ऱ्हायचो."

तिला रडू फुटलं. आण्णांनी तिचं रडणं संपू दिलं. मग तिच्या मोकळ्या हातांकडे, तिच्या पिशवीकडे एकदा पाहून घेतलं.

"आज पट्टी न्हाई आणलीस?"

"नाही, आण्णा. आता कधीच नाही."

"मग सपे," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "त्या पावण्यास्नी तेवढा सामना पुरा सांगू का? फार येळ न्हाई लागायचा."

माइकसाठी पंचांशी हुज्जत घालणारा माणूस तिच्याकडे परवानगी मागत होता. स्वप्नालीनं तोंडावर पदर दाबून मानेनंच होकार दिला, आणि तरीही ते तिच्या तोंडून 'हो' ऐकायची वाट बघत राहिले.